ठिणग्यांनी सावरलेली डाय

मी डाय, म्हणजे साचा, बोलतेय. माझ्या पोलादी पोटात पत्रा दाबला, की स्कूटरच्या दिव्याची वाटी तयार होते. वारज्यातल्या दादामियाँच्या शेडमध्ये मी घडले आणि पहिली काही वर्षं मोठ्या तोऱ्यात काढली.

पण पत्रा रोज घासतो. माझ्या अंगावर चरे पडले, की वाटीवर ओरखडे उमटतात. मग मला पॉलिश करायचं, म्हणजे आणखी झिजवायचं! चौथ्या पॉलिशनंतर दादामियाँनी माप घेतलं आणि म्हणाले, "आता पुन्हा घासली, की भंगारात." मला फार वाईट वाटलं. इतक्या वाट्या दिल्या, त्याचं कुणाला काही नाही.

त्यांची लेक जुबेदा मात्र ऐकेना. शेडमधलं स्पार्क मशीन तीच चालवते. मला रॉकेलात बुडवून, तांब्याच्या ठोकळ्यानं ठिणग्या पाडून माझा आकार तिनंच कोरला होता. आता तिनं टंगस्टन आणि तांब्याची पूड दाबून एक भुसभुशीत ठोकळा केला. ठिणगीबरोबर तो झडावा आणि माझ्या अंगावर कडक थर चढावा, असा तिचा बेत होता.

"चाळीस वर्षं ठोकळा झिजू नये म्हणून जपलं," दादामियाँ म्हणाले, "आणि तू मुद्दाम झिजवायला बसलीस. छान."

"अब्बा, डाय झिजण्यापेक्षा ठोकळा झिजलेला बरा."

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. हाताच्या सवयीनं तिनं तारा नेहमीसारख्याच जोडल्या आणि मशीन नेहमीसारखंच मला कोरू लागलं. नशीब, चाचणी माझ्या बाहेरच्या काठावर होती. तिथला खड्डा अजून आहे. दादामियाँ नुसता चष्मा पुसत राहिले. ते जुबेदाला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी, मी नाही तर ठोकळा झडावा म्हणून, तिनं तारा उलट जोडल्या. तीन ठोकळे वाया गेले. चौथ्याला माझ्या पोटावर करडा थर धरला. अंग पोळत होतं, तरी मी दम धरला. हलक्या हातानं घोटून तिनं मला अब्बांपुढे ठेवलं.

दादामियाँचा रिवाज ठरलेला. कडकपणा मोजणाऱ्या यंत्राचा आकडा काही का सांगेना, शेवटचा शब्द त्यांच्या जुन्या कानशीचा. त्यांनी कानस टेकवून जोर लावला. ती घसरली, थरावर चराही उमटला नाही. पुन्हा लावली, पुन्हा घसरली.

त्यांनी कानस जुबेदाच्या हातात दिली. "ही आता तुझ्याकडे ठेव."

आज मी पुन्हा प्रेसवर आहे. हाही थर एक दिवस झिजेल. तेव्हा एवढंच करा, भंगारवाल्याला नको, जुबेदाला बोलवा. तारा कशा जोडायच्या, ते आता तिच्या हाताला माहीत आहे.