रफूचं अंडं

मिर्सिनीने चमच्यावरचं अंडं खिडकीशी नेऊन उजेडात धरलं आणि तिच्या तोंडून एक शिवी निसटली. ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहातला गुरुवार होता. शिव्या द्यायचा दिवस नव्हे. तिने लगेच छातीवर क्रूस काढला. टोपलीतली बाकीची अंडी लालबुंद झाली होती. हे एकच तासभर रंगात उकळूनही धुतलेल्या विटेसारखं दिसत होतं. लाकूडच ते. कवचासारखा रंग धरेल कशाला?

ते मोजे रफू करायचं अंडं होतं. मोज्यात घालायचं, भोक त्याच्यावर ताणायचं आणि वरून दोऱ्याचं जाळं विणायचं. ग्रीसमधल्या लेस्व्हॉस बेटाहून मेलबर्नला आलेल्या पेटीत आईने ते घालून दिलं होतं. आईपेक्षा अंडं जास्त टिकलं.

तिने ते पुसून कोरडं केलं आणि नातीच्या खोलीत गेली. नात आजीच्याच नावाची. ग्रीकांत पद्धतच तशी, त्यामुळे एकीला हाक मारली की दोघी ओ देतात. म्हणून धाकटीला सगळे मिर्सो म्हणतात. मिर्सो कॉलेजात गेली होती. तिच्या आरशापुढे नेलपॉलिशच्या दहा-बारा बाटल्या होत्या. मिर्सिनीने त्यातली सगळ्यात लाल शोधली, पलंगाच्या कडेवर बसली आणि रंग द्यायला लागली. एक थर, त्यावर दुसरा थर.

"आई, हा कसला वास?" दारातून सुनेचा, आरेतीचा आवाज आला.

"व्हिनेगरचा. अंड्यांच्या रंगात घातलंय."

"व्हिनेगर असा येतो?"

"माझ्याकडे असाच येतो. तू कोकराचं बघ जा."

आरेती गेली. मिर्सिनीने उठून दार लावून घेतलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. या घरात लाकडी अंड्यावर बंदी होती आणि बंदी घालणारी ती स्वतःच. लग्नानंतरच्या पहिल्या ईस्टरला धाकट्या दिराने, इग्नातीसने, हेच अंडं रंगवून आणून, अंड्यावर अंडं आपटायच्या खेळात सगळ्यांची अंडी फोडली होती. पकडल्यावर तिने सगळ्या पंगतीसमोर त्याला सुनावलं होतं, 'सणाला लबाडी करणाऱ्याकडे देव वर्षभर पाठ फिरवतो.' त्याच वर्षी इग्नातीसचा पाय मोडला. तेव्हापासून ते वाक्य घरात वेदवाक्य झालं होतं.

आणि आता ती देवालाच फसवायला निघाली होती. कारण मंगळवार.

मंगळवारी तिच्या नवऱ्याची, स्ट्रातिसची, छाती उघडणार होते. हृदयाची झडप गेली होती. डॉक्टरांनी समोर बसवून सगळं नीट सांगितलं होतं. या वयात काय होऊ शकतं तेही. घरी येताना स्ट्रातिस गाडीत म्हणाला, "उघडतील, पार्ट बदलतील, शिवतील. आपल्या दुकानातला फ्रायर नव्हता का दुरुस्त केला?" त्या फ्रायरचं पुढे काय झालं ते दोघांनाही ठाऊक होतं.

घरात ऑपरेशनबद्दल कोणी बोलत नव्हतं. एकदाच आरेती म्हणाली, "देव न करो, पण काही झालंच तर—" आणि मिर्सिनीने तिथल्या तिथे तीनदा थू थू थू केलं. "जीभ आवर गं बाई! शुभ बोल."

अंडं रंगवलं तेव्हाही तिचा निश्चय झाला नव्हता. तो केला शनिवारच्या मेणबत्तीने. देवळातून पेटवून आणलेली ज्योत न विझता घरी आणायची आणि तिच्या काजळीने दाराच्या चौकटीवर क्रूस काढायचा, की वर्षभर घराला काही होत नाही. ती पदराआड जपावी तशी कोटाआड जपत मिर्सिनी गाडीत बसली होती. आणि पुढे बसलेल्या इग्नातीसला सिगारेट ओढायची हुक्की आली. त्याने काच खाली केली. फस्सकन ज्योत गेली.

"अरे माणसा! काय केलंस हे?"

"एवढं काय वहिनी," म्हणत त्याने लायटर काढून मेणबत्ती पुन्हा पेटवली. "आग ती आगच. देव काय ब्रँड विचारतो?"

स्ट्रातिस खो खो हसला, हसता हसता त्याला धाप लागली. चौकटीवर क्रूस त्यानेच काढला. मिर्सिनी खाली उभी राहून ती लायटरची काजळी बघत होती, मग आत जाऊन तिने लाकडी अंडं रुमालात गुंडाळलं.

रविवारी दुपारी मागच्या अंगणात नुसता गोंधळ होता. कोकरू सळईवर फिरत होतं, मुलगा पांतेलीस घामाघूम होऊन ते फिरवत होता आणि इग्नातीस खुर्चीत बसून त्याला कसं फिरवायचं ते शिकवत होता. चुलत-मावस सगळे जमले होते. येणारा प्रत्येक जण "ख्रिस्त उठला!" म्हणत स्ट्रातिसला जरा जास्तच वेळ मिठी मारत होता.

"अरे, सोडा की! अजून मेलो नाही मी," स्ट्रातिस ओरडला.

सगळे हसले. मिर्सिनीने ओट्याआड जाऊन थू थू थू केलं.

मग तिने टोपली आणली. या घरात अंडी तीच वाटते. ज्याचं अंडं शेवटपर्यंत फुटत नाही त्याचं वर्ष चांगलं जातं, हे लेकरालाही माहीत. ती एकेकाच्या हातात अंडं देत गेली आणि स्ट्रातिसपाशी आल्यावर टोपलीच्या तळाशी रुमालात ठेवलेलं अंडं काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याची बोटं स्वतःच्या हाताने मिटली.

स्ट्रातिसने मूठ जराशी वरखाली केली. मग ती नाकापाशी नेली, जणू नाकच खाजवायचं होतं. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने नजर टोपलीत घातली.

"हे फार मोठं आहे," तो म्हणाला. "माझ्या हातात बसत नाही. हे तू घे. मला ते दे, ते चपटं." आणि तिला काही सुचायच्या आत त्याने लाल लाकूड तिच्या हातात दिलं आणि टोपलीतलं शेवटचं अंडं उचललं.

"अरे, पण ते मी तुझ्यासाठीच—"

"काय माझ्यासाठी?"

सगळे बघत होते. काय सांगणार?

टेबलाच्या एका टोकाने स्ट्रातिस निघाला, दुसऱ्या टोकाने मिर्सिनी. टक, टक. इग्नातीसचं फुटलं, पांतेलीसचं फुटलं. स्ट्रातिसचं ते चपटं, बिचारं अंडं सगळ्यांना पुरून उरत होतं. लोक मुद्दाम हळू मारत होते की त्याचं नशीबच उघडलं होतं, देव जाणे. दर टकरीला मिर्सिनीची नजर तिकडे जायची, आणि त्याचं अंडं शाबूत दिसलं की ती पुढच्याकडे वळायची.

मग तिच्या ध्यानात आलं. तिच्या बाजूचीही सगळी फुटत होती. फुटणारच. शेवटी उरणार होती दोनच अंडी, एक त्याचं आणि एक तिचं. आणि तिचं लाकडाचं होतं.

तिने हरायचा प्रयत्न केला. अंडं आडवं धरलं, बोथट बाजू पुढे केली, आरेतीला म्हणाली, "जोरात मार गं, अशी काय मारतेस?" आरेतीने जोरात मारलं. तिच्या अंड्याचा चेंदामेंदा झाला.

शेवटी मिर्सो समोर आली. तिने अंडं पुढे केलं आणि तिचे डोळे बारीक झाले. आधी आजीच्या हाताकडे, मग स्वतःच्या नखांकडे. ती कानाशी वाकली.

"आजी, ही माझी नेलपॉलिश आहे."

"तोंड बंद ठेव, माझी राणी. मला हरव. काहीही कर, पण मला हरव."

मिर्सोने आजीचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू गेलं. पण लाकडाला ती तरी कसं हरवणार? टक. फुटलं.

"फायनल!" इग्नातीस खुर्चीवर चढला. "नवरा विरुद्ध बायको! जन्मभर घरात चाललंय तेच, आज चारचौघांत!"

"बरोबरी झाली," मिर्सिनी म्हणाली. "बास. जेवण थंड होतंय."

"बरोबरी कसली? वहिनी घाबरली रे!"

"चला, कोणाला गोड वाढू?" मिर्सो उगाच ओरडली. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. सगळे टेबल बडवायला लागले.

स्ट्रातिस समोर येऊन उभा राहिला. त्याने चपटं अंडं मुठीत घट्ट धरलं होतं, वरचं टोक तेवढं बाहेर. ओठ जरा निळसर दिसत होते. गेल्या महिन्यापासून दिसत होते तसे.

"मार," तो म्हणाला.

"मला नाही मारायचं."

"मिर्सिनी, मार गं."

"स्ट्रातिस, तुझ्या पाया पडते. ऐक माझं."

हे वाक्य या घरात कोणी कधी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. टेबलावरचे हात थांबले. सळईवर कोकराची चरबी चरचरत होती तेवढीच.

स्ट्रातिसने मोकळ्या हाताने तिचं मनगट धरलं, वर उचललं आणि खाली आणलं.

कवच फुटल्याचा आवाज झाला.

मग जो कल्ला झाला त्यात इग्नातीस खुर्चीवरून पडता पडता वाचला. "जिंकली! वहिनी जिंकली!" बायकांनी तिच्या गालांचे मुके घेतले. ती तशीच उभी होती. हात पुढे, आणि चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही. मिर्सोने तिला धरून खुर्चीवर बसवलं.

स्ट्रातिस शेजारी येऊन बसला आणि निवांतपणे आपलं अंडं सोलायला लागला. लोक कोकराकडे वळल्यावर तो हळूच म्हणाला, "मीठ दे."

तिने मीठ दिलं.

"गुरुवारी अख्ख्या घरात नेलपॉलिशचा वास होता. व्हिनेगर म्हणे."

"तुला कळलं होतं?" तिला रडू फुटलं. "मग मला का दिलंस, मेल्या? तुझं नशीब माझ्याच हाताने फोडायला लावलंस? मंगळवारी—"

"मंगळवारी मला तर झोपवणार आहेत," अंड्यावर मीठ भुरभुरवत तो म्हणाला. "झोपलेल्याला नशीब काय करायचंय? बाहेर तू बसणार आहेस." त्याने अर्धं अंडं तिच्या तोंडाशी धरलं. "खा. आणि ते लाकूड पर्समध्ये ठेव. माझा निळा मोजा अंगठ्याला फाटलाय, केव्हाचा सांगतोय. तिथे रिकामी बसून आरेतीचं डोकं खाण्यापेक्षा तो रफू कर. घरी येताना मला तेच मोजे लागतील."

तिने अंडं खाल्लं.

मंगळवारी त्याला नेलं तेव्हा त्याने चाकांच्या पलंगावरून हात हलवला, बंदरावरून निघालेल्या माणसासारखा. दार मिटलं. बाहेर पांतेलीस येरझाऱ्या घालायला लागला, इग्नातीस सिगारेट न पेटवता ओठात धरून बसला आणि आरेती सगळ्यांना पोळ्या आणि चीज वाटायला लागली. कोणी खाल्लं नाही. मिर्सिनीने पर्समधून निळा मोजा काढला, लाल अंडं आत घातलं आणि सुईत दोरा ओवला. दोरा ओवायलाच चारदा चुकली.

उभे धागे, आडवे धागे. एकाखालून, एकावरून. घामाने नेलपॉलिशचे टवके निघून तिच्या तळहाताला चिकटत होते. जाणाऱ्या नर्सने थांबून विचारलं, "हाताला लागलंय का?" मिर्सिनीने नाही म्हणून मान हलवली आणि पुन्हा खाली बघितलं.

भोक बुजलं. तिने गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. दार अजून मिटलेलंच होतं. तिने पांतेलीसकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले.

तिने दुसरा मोजा काढला आणि अंड्यावर चढवून सगळीकडून उजेडात फिरवून पाहिला. टाच पाहिली, अंगठा पाहिला. कुठे भोक नव्हतं. धडधाकट होता.

तिने पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं. मग पर्समधली छोटी कात्री काढली.

"आजी!" मिर्सो म्हणाली. "चांगला आहे तो!"

"माहीत आहे मला," मिर्सिनी म्हणाली आणि अंगठ्याच्या जागी कात्री चालवली. बोट जाईल एवढं भोक पडलं. तिने ते अंड्यावर ताणून बसवलं, सुईत नवा दोरा ओवला आणि पहिला टाका घातला.