बोंडूचा सुळा

संदेशने कुत्र्याचा ओठ वर करून बघायला हात पुढे केला आणि बोंडूने मान फिरवली. पुन्हा हात नेला, पुन्हा फिरवली. शेवटी तो उठला आणि सरळ तुळशीमागे जाऊन बसला. सकाळपासून त्याने भाकरीला तोंड लावलं नव्हतं आणि पाण्याच्या भांड्याच्या कडेला थोडं रक्त दिसत होतं.

"गुरुजींना हाक मारते," त्याची बायको अक्षया स्वयंपाकघरातून म्हणाली. "त्यांना तो तोंड उघडू देतो."

संदेशच्या पोटात दुखलं. खरं तर बोटीवरून घरी आल्या दिवसापासूनच ते दुखत होतं. महिनोन् महिने समुद्रावर काढून माणूस घरी येतो, तेव्हा कुत्र्याने अंगावर उडी मारावी एवढी तरी त्याची अपेक्षा असते. बोंडूने त्याचे बूट हुंगले, शेपटी जराशी हलवली, झालं. आणि संध्याकाळी दगडी गडग्यापलीकडून काशीराम गुरुजी नुसते खाकरले, तर हा असा धावला की संदेशच्या हातातलं बिस्किट हातातच राहिलं.

गुरुजी समोरच्या घरात एकटे राहत. नोकरीतून निवृत्त झालेले, बायको गेलेली. संदेश बोटीवर असताना रोज संध्याकाळी बोंडूला भाट्याच्या किनाऱ्यावर नेण्याचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. पंप बिघडला की गुरुजी, सिलिंडर आला की गुरुजी. अक्षयाच्या बोलण्यात येता-जाता गुरुजी. बोंडूला पिल्लू असताना शर्टाच्या आत घालून घरी आणलं ते संदेशने, याची कुणाला आठवणच नव्हती.

मग संदेशने दोन गोष्टी केल्या. आता मी आहे, तुम्ही उगाच त्रास घेऊ नका, असं गुरुजींना अगदी गोड शब्दांत सांगितलं. आणि कायम उघडं असणारं फाटक दुरुस्त केलं, त्याला नवी कडी बसवली, हिरवा ऑइलपेंट दिला. काम झकास झालं. गुरुजी 'बरं झालं' म्हणाले आणि किनाऱ्यावर एकटेच जाऊ लागले. संदेश बोंडूला सकाळी उलट्या बाजूला, डांबरी रस्त्याने फिरवून आणू लागला. बोंडू येई, पण ओढल्यासारखा येई.

अक्षयाची हाक ऐकून गुरुजी आले ते पायांत चपला नीट न अडकवताच. जनावरांच्या डॉक्टरांकडे जाताना रिक्षात बोंडू त्यांच्या पावलांवर बसला, आणि संदेश बाहेर बघत राहिला.

दवाखान्यात गुरुजी जमिनीवरच बसले. त्यांनी बोंडूच्या हनुवटीखाली नुसता तळहात धरला. बोंडूने तोंड उघडलं.

"वरच्या सुळ्याचं टोक उडालंय," डॉक्टर म्हणाले. "अगदी ताजं आहे. आतली नस उघडी पडली नाही, हे नशीब. गुंगीचं इंजेक्शन देऊन धार घासून देतो. काही दिवस मऊ खाणं द्या, हाडं नकोत, करवंट्या नकोत. पण एवढं कडक चावला काय?"

बोलता बोलता त्यांनी चिमट्याने दातांच्या फटीतून काहीतरी काढून कापसावर ठेवलं. पातळ पापुद्रा होता. हिरवा.

संदेशने आपला अंगठा मुठीत घेतला. नखाच्या कडेला तोच रंग अजून होता.

"समुद्रावर दगड उचलतो हो," गुरुजी म्हणाले. "मीच फेकतो. खोड मीच लावली त्याला. आता नाय फेकणार."

डॉक्टरांनी गुरुजींची चांगलीच कानउघाडणी केली. या वयात एवढंही कळू नये का, असंही म्हणाले. शाळेत पोरं ऐकतात तसं गुरुजींनी खाली मान घालून ऐकून घेतलं. संदेशला बोलता आलं असतं. तो बोलला नाही, आणि त्याची त्याला तिथेच लाज वाटली.

घरी आल्यावर तो फाटकापाशी उकिडवा बसला. खालच्या गजांवर, गुरुजींच्या घराकडच्या बाजूला, रंग ओरबाडून निघाला होता. आतलं लोखंड दिसत होतं.

"संध्याकाळी गुरुजी जायला निघतात ना, तेव्हा करतो," अक्षया मागून म्हणाली. "तुम्ही बाजारात गेलेले असता. सांगणार होते मी. पण तुम्ही एवढ्या हौसेने रंगवलंत."

ऊन उतरल्यावर संदेशने फाटक उघडलं आणि पट्टा न लावताच बोंडूला सोडलं. तो कुठे जाणार हे ठाऊकच होतं. संदेश त्याच्या मागोमाग गेला. गुरुजी पायरीवर बसले होते.

"दगड नव्हता, गुरुजी."

"ठाऊक आहे."

गुरुजी जरा बाजूला सरकले. संदेश त्यांच्या शेजारी बसला.

"त्याचं तोंड कसं उघडता, ते मला दाखवा."

"उघडायचं नसतं रे. हात धरायचा आणि बसायचं. त्याला वाटलं की तो उघडतो."

संदेशने तळहात पुढे धरला. बोंडूने तो हुंगला, चाटला, आणि मग जाऊन हनुवटी गुरुजींच्या गुडघ्यावर टेकवली. संदेशच्या पोटात पुन्हा दुखलं, अगदी सकाळएवढंच. समोर त्याचं फाटक सताड उघडं होतं. त्याने हात मागे घेतला नाही.