बेटावर कुणीच नव्हतं

मी धर्माजींची होडी बोलतेय. कर्जतच्या मोहियुद्दीन मिस्त्रींनी मला ऐनाच्या लाकडाच्या फळ्यांनी बांधलं. त्यांचे वाडवडील किनाऱ्यावर मचवे बांधायचे. "तुझ्या नशिबी खाडी नाय, धरण हाय. लाजू नको," असं म्हणत त्यांनी माझ्या फटी बुजवल्या.

या धरणात धर्माजींचं जुनं गाव बुडालं, फक्त टेकडीचा माथा वर राहिला. तेच आमचं बेट. धर्माजी आणि जानकीबाई तिथं नाचणी करायचे. जानकीबाई गेल्या, तेव्हा कपिलने, म्हणजे त्यांच्या मुलाने, आईच्या अस्थी तिथल्याच मातीत ठेवल्या आणि वर पिंपळाचं रोप लावलं. ना कट्टा, ना पाटी. "माझ्यावर सिमेंट नका रं टाकू," असं बाईच सांगून गेल्या होत्या. म्हणून भोवती नुसतं कारवीच्या काठ्यांचं कुंपण.

दर पौर्णिमेला धर्माजी पांढरा सदरा घालून जायचे, रोपाला पाणी घालायचे आणि गावातली सगळी भांडणं त्याला तिखटमीठ लावून सांगायचे. मला ते ऐकायला फार आवडायचं.

मग सुट्टीच्या दिवशी बेट बघायला शहरातले पाहुणे येऊ लागले. धर्माजी प्रत्येकाला बजावायचे, "वर आमचं माणूस हाय. जरा जपून." कोण माणूस, हे सांगायला मात्र त्यांची जीभ रेटायची नाही. तरी बरेचजण ऐकायचे, चपला माझ्यातच काढून ठेवायचे.

गेल्या माघात सहाजण आले. सकाळी आम्ही त्यांना सोडलं आणि चार वाजता आणायला गेलो. कुंपण नव्हतं. कोंबडी भाजायला त्यांनी कारवी जाळली होती आणि वारा लागू नये म्हणून चूल रोपाच्या आडोशाला मांडली होती. छातीएवढ्या पिंपळाचं काळं खोडकं उरलं होतं.

धर्माजी खाली बसले. राखेत हात घालून मुळं चाचपू लागले.

"काका, काय झालं?" एक मुलगी घाबरून म्हणाली. "इथे तर कुणीच नव्हतं."

"होती," धर्माजी म्हणाले. "माझी बायको होती."

मुलगी रडायला लागली. बाकीच्यांनी कचरा उचलला. धर्माजींनी एकेकाला हात देऊन माझ्यात बसवलं आणि काठावर आणून सोडलं. त्या सहाजणांना मीच तिकडं नेलं होतं, हे मला अजून सहन होत नाही.

आता मी काठावर पालथी पडून असते. फळ्या सुकून तडकल्यात. कपिल म्हणतो, "बाबा, दुसरं रोप लावू." धर्माजी उठून घराकडे चालू लागतात.

तुम्ही कुठल्याही बेटावर गेलात, तर नेणाऱ्याला विचारा, इथं तुमचं कोण आहे? तो लाजेल, गप्प बसेल. थोडं थांबा आणि पुन्हा विचारा. एवढं माझ्यासाठी कराच.

परवा गाडीतून एक कुटुंब उतरलं. "काका, त्या बेटावर काय आहे बघण्यासारखं?"

माझ्या पाठीवर बसलेले धर्माजी पाण्याकडे न बघता म्हणाले, "काय नाय."