बरणीतल्या बेडकाच्या उठाबशा

बेडूकबाबांच्या टेबलापुढची रांग पार बसथांब्यापर्यंत पोचली होती. टेबलावर काठोकाठ भरलेली, घट्ट झाकणाची काचेची बरणी आणि आत डोंगरातल्या झऱ्याचा एक सुरकुतलेला बेडूक. दमेकऱ्याने काचेवर फुंकर मारायची, की थोड्याच वेळात बेडूक उठाबशा काढू लागायचा!

“ओढला! तुमचा दमा ओढला यानं!” बाबा गरजायचे. “हजार वर्षांचं तप आहे, चेष्टा नाही!”

हजार वर्षं तप करून बिचाऱ्याला मिळालं काय, तर बरणी!

समोरच्या टपरीतून चहावाल्या मावशी रोज नाक मुरडत हे बघायच्या. आज मात्र त्या टपरी सोडून धावल्या. रांगेत त्यांची धाकटी बहीण होती.

“अगं, तुझा दम्याचा पंप कुठाय?”

“टाकला कचऱ्यात. ताई, तू डोळ्यांनी बघतेस ना? उगाच उठाबशा काढतोय का तो?”

बोलतानाही तिला धाप लागत होती. मावशींनी चहा प्यायला आलेल्या विज्ञानाच्या बाईंना गाठलं. “बाई, हा बाबा चहाचा घोट घेत नाही, पण रोज माझ्याकडून किटलीभर उकळलेलं पाणी नेतो आणि बाटल्यांत बंद करून गार करतो. कशाला हो?”

बाईंनी कप खाली ठेवला. “उकळलं की पाण्यातली हवा निघून जाते, मावशी. आणि हा बेडूक पाण्यातली हवा कातडीनं घेतो. चला!”

टेबलाखालच्या बादलीत, झऱ्याच्या पाण्यात, बाकीचे बेडूक होते. बाईंनी बरणीतलं पाणी ओतून तेच पाणी भरलं आणि झाकण लावलं.

“तप भंगेल!” बाबा ओरडले.

बहिणीने फुंकर मारली. पुन्हा मारली. बेडूक ढिम्म! मग बाईंनी ते ओतून बाबांच्या बाटलीतलं पाणी भरलं आणि पुन्हा झाकण लावलं. कोणी फुंकलं नाही, तरी थोड्या वेळाने उठाबशा सुरू.

“लांबून कोणीतरी फुंकलं असेल,” बाबा पुटपुटले. हशा पिकला.

बहीण तेवढी हसली नाही. ती बरणीपाशी वाकली होती. “ताई, काढ गं त्याला बाहेर! याला दम लागलाय. माझंही अंग असंच वर-खाली होतं.”

मावशींनी झटकन झाकण उघडून बेडूक बादलीत सोडला.

“या जातीचे मोजकेच उरलेत,” बाई म्हणाल्या. “आजच झऱ्यात सोडायला हवेत.”

बहीण रांगेकडे वळली. “ज्याला स्वतःलाच श्वास मिळत नाही, तो आपला दमा काय ओढणार? जरा डोकं चालवा की!” तिला पुन्हा ढास लागली. मावशींचा हात धरून ती म्हणाली, “ताई, आधी औषधाच्या दुकानात चल.”