नैवेद्यातली मिशी

मित्रांनो, तुमच्याशी बोलतेय ती एक मिशी आहे, आणि तीही खोटी. खुशाल हसा. हसणाऱ्यांवर माझा संशय नाही, न हसणाऱ्यांवर आहे.

मेक्सिको शहरात रंगभूषा करणाऱ्या ओतिलियाबाईंनी मला जाळीवर एकेक केस ओवून घडवलं. केस उमद्या घोड्याच्या शेपटीचे, असं त्या शपथेवर सांगत. आमच्या गल्लीत तेव्हा एकच जनावर होतं, कोळसेवाल्याचं खेचर. माझ्या जन्मानंतर ते माश्या वारायला शेपटीऐवजी डोकं हलवू लागलं. मी कुणावर आरोप करत नाही.

माझे धनी डॉन एव्हरार्दो पालोमारेस. आमच्याकडे डॉन म्हणजे गुंड नव्हे, श्रीयुत. सुरुवातीला ते तंबूतल्या नाटकांत काम करत. तिथले प्रेक्षक आवडलं तर टाळ्या वाजवत आणि नाही आवडलं तर संत्र्याची सालं फेकत. पहिल्याच खेळाला घाबरून त्यांनी मला तिरकं चिकटवलं. चूक लक्षात आल्यावर करंगळीने हळूच सरळ केलं, तर मी दुसऱ्या बाजूला तिरकी झाले. तंबू हसून हसून कोसळायचा राहिला. त्या करंगळीवर आमची पुढची सगळी कारकीर्द उभी राहिली.

मग चित्रपट आले. नायक गाणं म्हणे, नायिका रडे, आणि दार उघडून आम्ही भलत्याच घरात शिरत असू. आम्ही संशयी सासरे झालो, बहिरे नोटरी झालो, विष आणि खोकल्याचं औषध यांत गोंधळणारे औषधवाले झालो. जाहिरातीत आमचं नाव अगदी तळाला असे, पण थिएटरात हशा आमच्यापासून सुरू होई.

एकच काटा होता. मी नसले की त्यांना कुणी ओळखत नसे. टॉर्टियाच्या, म्हणजे मक्याच्या पोळ्यांच्या, रांगेत बाया त्यांना ढकलून पुढे जात. संध्याकाळी मला डिंकातून सोडवताना ते माझ्याकडे भाडेकरू घरमालकाकडे बघतो तसे बघत. लोक हसतात ते मला की हिला, हा त्यांचा संशय. आपल्याशिवाय याला जमलं तर, हा माझा. अशा संशयावर संसार चांगला टिकतो.

पुढे पडद्यावर मुखवटेवाले पहिलवान आले आणि सासऱ्यांची गरज संपली. डॉन एव्हरार्दो बहिणीकडे पुएब्लाला गेले. मी ओतिलियाबाईंच्या टेबलावर, पेरूच्या वडीच्या रिकाम्या डब्यात. जो विनोदी नट काम मागायला फोन करत नाही तो मेला असणार, असं स्टुडिओत सगळे मानत. त्यामुळे मेलेली माणसं वर्षातून एकदा भेटीला येतात तो मृतांचा सण आला तेव्हा स्टुडिओच्या बोळात दिवंगत कलाकारांच्या आरासीत त्यांचाही फोटो लागला. समोर झेंडूची फुलं, साखर भुरभुरलेला गोड पाव आणि मी.

नेमकं त्याच सकाळी डॉन एव्हरार्दो स्टुडिओत आले. एका नव्या दिग्दर्शकाने त्यांचा जुना चित्रपट पाहून तार केली होती: आजोबांचं काम आहे, मिशीसकट या. चित्रीकरणाची घंटा होईपर्यंत ते तयार नसले, तर काम दिग्दर्शकाच्या मेहुण्याला जाणार होतं. मेहुणा आजोबांचा कोट घालून उभाच होता. त्याची मिशी खरी होती. मला खऱ्या मिशांचा भरवसा वाटत नाही.

डॉन एव्हरार्दोंनी माझ्याकडे हात नेला, तसा पहारेकरी फेलिसियानो आडवा आला.

"आजोबा, हात मागे! मृतांच्या नैवेद्याला शिवायचं नाही."

"अरे, नैवेद्य माझाच आहे! फोटोतला माणूस मीच."

फेलिसियानोने फोटो निरखला, मग त्यांना. "फोटोतल्याला मिशी आहे."

"ती काय समोर! दे, लावून दाखवतो."

"ती मेलेल्या माणसाची आहे. जित्याला कशी देऊ?"

"बरं बाबा, मी मेलोय. आता दे."

"आज मेलेल्या पोरांचा दिवस. मोठी माणसं उद्या. उद्या या."

इतक्यात ओतिलियाबाई आणखी झेंडू घेऊन आल्या. टोपली हातातून पडली. छातीवर क्रुसाची खूण करत त्या म्हणाल्या, "अगंबाई! डॉन एव्हरार्दो, एक दिवस आधीच आलात?"

"ओतिलिया, मी जिवंत आहे गं."

"सगळे असंच म्हणत असतील," त्या डोळे बारीक करून म्हणाल्या. "तो पाव खा बघू. मेलेला नुसता वास घेऊन जातो, पाव तसाच राहतो. संपला तर खरं मानीन."

पहाटेच्या बसने उपाशी आलेला माणूस तो. त्याने वाद न घालता पाव खाल्ला. ओठावर साखर लागली आणि सवयीने करंगळी मला सरळ करायला वर गेली. मी तिथे नव्हते. करंगळी ओठावर अडखळली. तिने मला गालावर शोधलं, कानामागे शोधलं, मग ते फेलिसियानोच्या खिशात शोधू लागले. फेलिसियानोने आपल्याच खिशात हात घालून खात्री केली.

सगळा बोळ हसू लागला. फेलिसियानोही. दिग्दर्शक बाहेर आला आणि म्हणाला, "आजोबा, कॅमेऱ्यापुढे अगदी असंच करा. मिशी राहू दे."

घंटा झाली. मेहुण्याने कोट उतरवला. आणि मी झेंडूत पडून होते. जे घडू नये असं मला आयुष्यभर वाटलं, ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं होतं.

तेव्हा डॉन एव्हरार्दो माझ्यावर वाकले आणि हळूच म्हणाले, "बये, तू नसतीस तर मी शोधलं कुणाला असतं?" त्यांनी मला उचलून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

"उद्या मेलेला मिशी मागायला आला तर?" फेलिसियानोने विचारलं.

"सांग, घेऊन गेला."

त्यानंतर त्यांनी पुष्कळ आजोबा केले, बिनमिशीचे. पडद्यावर मी दिसत नाही, पण प्रत्येक वेळी खिशात होते. पुढे ते खरोखरच गेले. या खेपेला ओतिलियाबाईंनी आधी पुएब्लाला फोन करून खात्री केली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुन्या माणसाची आठवण झाली की आधी फोन करा, झेंडू नंतर आणा. आणि मिशी डब्यात ठेवण्याआधी तिचा डिंक पुसा.

आता दर वर्षी मी आरासीत त्यांच्या फोटोसमोर असते. गेल्या वर्षी मोठ्यांच्या दिवशी पाव अर्धा संपलेला होता. फेलिसियानोला उंदराचा संशय आहे. मी मात्र जाळीवर साखरेचे कण घेऊन पडले होते, आणि कुणीतरी मला अगदी जपून सरळ केलं होतं.

म्हणजे दुसऱ्या बाजूला तिरकं.