आसरांचा पाइप

मित्रांनो, मी हिंजवडीतली एक जुनी विहीर आहे. 'आहे' हे जरा सांभाळून घ्या. सोसायटीच्या नकाशात माझ्या जागी पार्किंग आहे.

स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत मला खोदलं. वरचा मुरूम सहज निघाला, खालच्या काळ्या पाषाणाला मात्र सुरुंग लावावे लागले. पाणी लागलं तसं काठावर सात दगड मांडून त्यांना शेंदूर लावला. या साती आसरा, पाण्यातल्या देवी. तेव्हापासून त्या माझ्याकडे राहायला. आधी मोट आली, मग इंजिन, मग विजेची मोटर. माझ्या पाण्यावरची मेथी मंडईत जायची. लोक मेथीचं कौतुक करायचे. विहिरीचं कोण करतो?

पुढे गावात कंपन्या आल्या आणि पाण्यापेक्षा जमीन गोड लागू लागली. माझे मालक संपतराव, त्यांनी शेत बिल्डरला दिलं. बिल्डरने माझ्यात राडारोडा ओतायला घेतला: फुटक्या फरशा, प्लास्टर, कमोड, एक गादीसुद्धा. याला ते 'विहीर बुजवली' म्हणत होते. पोत्यात काहीही कोंबलं की त्याला उशी म्हणावं, तसं.

संपतरावांच्या पत्नी बायडाबाई डंपरसमोर उभ्या राहिल्या. आसरा आत गुदमरतील, त्यांना वारा लागतो, असं त्यांचं म्हणणं. बिल्डर हुशार. त्याने माझ्यात एक उभा पाइप सोडला, तोंड वर पार्किंगमध्ये, आणि काठावरचे सात दगड त्याच्याभोवती मांडले. देवींना वारा मिळाला, बिल्डरला इमारत मिळाली. मला कोणी विचारलं नाही.

पाइपातून वारा किती गेला ठाऊक नाही. गाड्या धुतलेलं पाणी गेलं. ड्रेनेज तुंबलं की तेही गेलं. बायडाबाई दर अमावास्येला पाइपाला हळदकुंकू वाहायच्या, तेवढंच काय ते माझ्यात स्वच्छ उतरायचं.

आता माझी अडचण अशी, की मी एकटी नाही. खडकातल्या भेगांमधून माझं पाणी शेजारच्या सलीमाच्या बोअरला जातं. तिचं घर तेच पाणी पितं. आधी पाण्याला वास आला, मग तिची सून परवीन कावीळ होऊन दवाखान्यात पडली. सगळ्यांनी नाक्यावरच्या पाणीपुरीवाल्याला दोष दिला.

सोसायटीतले श्यामसुंदर सरकारच्या भूजल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी पाइपात हिरवा रंग ओतला. काही दिवसांनी सलीमाच्या बादलीत हिरवं पाणी आलं. पाणीपुरीवाला सुटला.

श्यामसुंदरांनी उपाय सांगितला: राडारोडा उपसा, आत जंतुनाशक टाका, धुतलेली खडी आणि वाळू भरा, वर चिकणमाती ठोका, त्यावर काँक्रीट. आणि पाइप काढा. बायडाबाई म्हणाल्या, पाइपाला हात लावायचा नाही. कमिटीतली शिकलेली मंडळी देवीला मानत नव्हती, पण कोप आपल्या नावावर कोणालाच नको होता. विषय पुढच्या रविवारच्या मीटिंगवर गेला. मग त्याच्या पुढच्या.

शेवटी सलीमा बाटलीत ते पाणी घेऊन पाइपापाशी आली.

"बायडाक्का, जरा वास घ्या."

बायडाबाईंनी पदर नाकाला लावला.

"तुमास्नी नाकाशी धरवत न्हाई," सलीमा म्हणाली, "आन त्यास्नी तुमी यात ठेवलंय."

बायडाबाईंनी पदर खाली घेतला. "मग त्यांनी जायचं कुठं?"

"माझ्या बोअरपाशी जागा हाय."

"तुला चालंल?"

"न चालायला काय झालं? माझ्या सुनेपेक्षा कमीच कुरकुर करतील."

परवीन तेव्हा अजून दवाखान्यातच होती. दोघी हसल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सात दगड घमेल्यात घालून दोघींनी दोन बाजूंनी उचलून नेले. मग पाइप निघाला, गादी निघाली, आणि कित्येक वर्षांनी मला माझा तळ दिसला.

मित्रांनो, विहीर नको झाली तर तिला खुशाल निरोप द्या, मी रडणार नाही, दमले आहे. पण घाण कोंबून निरोप देऊ नका. वर तुमची-आमची कुंपणं असतात, खाली पाणी एकच असतं.

परवीन घरी आली आहे. अजून पाणी उकळूनच पिते, बोअरवर तिचा विश्वास नाही. बरोबर आहे. मीही ठेवला नसता.

खडी झाली, वाळू झाली. आता चिकणमाती टाकतायत. बोलणं थांबवते, ठोकताना आत फट राहायला नको.