काच कोणामुळे धुरकटते

बाबांची गाडी साडेतीन लाख किलोमीटर पळाली आहे, आणि हा आकडा ते अशा थाटात सांगतात, जणू तेवढं अंतर ते स्वतःच गाडी खांद्यावर घेऊन चालले आहेत. ती कधीकधी मलाही चालवायला मिळते, पण तेव्हा बाबा शेजारी बसून माझ्याआधी ब्रेक दाबतात. गाडीत हीटर आहे. तो लावणं मात्र बाबांच्या मते शुद्ध चैन. थंडी वाजत असेल तर माणसाने स्वेटर घालावा.

अशा या लाडक्या गाडीचं कूलंट कमी होऊ लागलं आणि बाबांची झोप उडाली. इंजिन तापू नये म्हणून त्यात खेळवलेलं हे हिरवं पाणी. बाटलीवरच्या खुणेइतकं भरून ठेवावं, तर आठवड्याभरात बोटभर खाली उतरलेलं असायचं. बाबांनी पाइप बदलले, रेडिएटरचं झाकण बदललं, गाडीखाली वर्तमानपत्रं अंथरली. वर्तमानपत्रं कोरडी ठणठणीत. जेवायला बसले तरी बाबांचं लक्ष पानात नसायचं. पाणी जात होतं आणि कुठे जात होतं ते कळत नव्हतं.

त्याच दिवसांत गाडीला आणखी एक दुखणं जडलं. समोरची काच आतून धुरकटायची. याचं कारण मात्र बाबांना लगेच सापडलं. आत्या.

आत्या ही बाबांची मोठी बहीण. ती आमच्याकडेच राहते, घरात सगळ्यांत जास्त बोलते आणि सगळ्यांत आधी गारठते. अडुसष्टाव्या वर्षी तिने पोहायला शिकायचं मनावर घेतलं. बाबांनी आधी तिला वेड्यात काढलं आणि मग दर शनिवारी तिला तलावावर सोडायचं कबूल केलं, कारण तलाव शहराच्या दुसऱ्या टोकाला आणि बहिणीला दोन बस बदलायला लावणं त्यांच्या जिवावर आलं. आत्या पुढच्या सीटवर बसायची, बसल्या बसल्या हीटरचा दांडा गरमकडे सरकवायची आणि जी बोलत सुटायची ती थेट तलावाच्या दारापर्यंत. बाबा एका हाताने गाडी चालवत आणि दुसऱ्या हाताने फडक्याने काच पुसत.

“ताई, जरा श्वास घे. तुझ्या बोलण्याने काच धुरकटते,” ते एकदा म्हणाले. आम्ही हसलो, आत्याही हसली. पण बाबांना एखादा विनोद जमला की ते तो झिजेपर्यंत वापरतात. शेजाऱ्यांना सांगून झाला, फोनवर नातेवाइकांना सांगून झाला. मग आत्याच्या पायाखालचा गालिचा ओला लागू लागला, तर बाबा म्हणाले, पोहायच्या कपड्यांची ओली पिशवी. गाडीत गोडसर वास येऊ लागला, तर म्हणाले, आत्याचा साबण. पिशवीला आतून प्लास्टिक आहे आणि साबण डबीत असतो, हे आत्याने सांगून पाहिलं, पण तिचं ऐकतो कोण. सगळे पुरावे तिच्याविरुद्ध होते.

आत्या गाडीत एवढी का बोलते, हे फक्त मला ठाऊक होतं. तिला पाण्याची भीती वाटते. लहानपणापासून वाटते, आणि ती भीती एकदा तरी मोडायची म्हणूनच तिने हा घाट घातला होता. “बोलत गेले ना, की भीती वाटेतच कुठेतरी उतरते गं,” ती मला म्हणाली होती, आणि बाबांना सांगू नकोस अशी तंबीही दिली होती. उथळ बाजू तिने सर केली होती. आता खोल बाजूला एकटीने पाण्यात उतरून पलीकडच्या काठाला लागायचं, एवढंच बाकी होतं.

आणि नेमकं तेव्हाच तिचं बोलणं बंद झालं. एका शनिवारी ती तोंडाला रुमाल लावून मुकाट बसली. काच त्या दिवशीही धुरकटलीच. बाबा म्हणाले, ओले केस. तलावावर जाताना केस ओले कसे असतील, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी मला रस्त्याकडे बघायला सांगितलं, वास्तविक गाडी तेच चालवत होते. त्या दिवशी आत्या खोल बाजूच्या शिडीपाशी उभी राहिली, पाण्याकडे बघितलं आणि उथळ बाजूला परत गेली. पुढच्या शनिवारीही तेच. मग तिने जाहीर केलं की पोहणं पुरे झालं, तलावावरच्या कपाटाची चावी परत करून टाकते. तुमची गाडीही खराब होणार नाही, असं वर म्हणाली. बाबा “जशी तुझी मर्जी” म्हणाले आणि गाडीखाली नवीन वर्तमानपत्र सरकवायला गेले.

चावी परत करायला निघालो त्या दिवशी वाटेत आधी गॅरेजला थांबायचं ठरलं. तिथल्या मेकॅनिकला सगळे वस्ताद म्हणतात. माणूस हसरा, पण गाडीबद्दल वाईट बातमी द्यायची असली की आवाज खाली आणतो. सगळीकडे कोरडं आहे म्हटल्यावर त्याने आवाज खाली आणला. बाहेर गळत नसेल तर इंजिनच आतल्या आत पाणी पीत असेल, म्हणाला. तसं असेल तर इंजिन खोलावं लागेल, आणि एवढ्या पळालेल्या गाडीचं इंजिन खोलण्यात अर्थ नाही. बाबांचा चेहरा पडला. गाडी भंगारात काढायची कल्पनाच त्यांना सहन होईना.

तरी एकदा दाब देऊन बघू, असं वस्ताद म्हणाला. रेडिएटरच्या झाकणाच्या जागी त्याने एक हातपंप बसवला. त्याला घड्याळासारखी तबकडी होती. पंपाने आत हवा भरायची आणि काटा बघत राहायचं. काटा घसरला तर कुठेतरी भोक आहे. वस्तादने हवा भरली. वस्ताद, बाबा आणि मी बॉनेटमध्ये डोकं घालून काट्याकडे बघत उभे राहिलो. काटा जागचा हलेना. “बघा, बाहेर कुठे गळत नाहीये,” वस्ताद दबक्या आवाजात म्हणाला. बाबांनी खिशातून रुमाल काढला.

तेवढ्यात काटा घसरला.

“कोणी काही केलं का?” वस्तादने विचारलं. आम्ही तिघांनी एकदमच बाजूच्या काचेतून आत पाहिलं. आत्या पुढच्या सीटवर अंग चोरून बसली होती.

“मी तोंडसुद्धा उघडलं नाही,” आत्या म्हणाली.

“तसं नाही मावशी, हाताने काही केलं का?”

तिने केलं होतं. गॅरेजमध्ये गारठा होता, इंजिन बंद आहे हे तिच्या लक्षात आलं नाही आणि सवयीने तिने हीटरचा दांडा गरमकडे सरकवला होता. वस्तादने तो परत थंडकडे करायला लावला आणि पुन्हा हवा भरली. काटा स्थिर. गरमकडे करायला लावला. काटा घसरला. आत्याला यात गंमत वाटू लागली आणि तिने कोणी न सांगता आणखी एकदा करून दाखवलं.

मग वस्तादने आम्हाला समजावलं. डॅशबोर्डच्या मागे एक छोटासा रेडिएटर असतो, तोच गाडीचा हीटर. इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरतं. या जुन्या मॉडेलमध्ये दांडा थंडकडे असला की त्याचं पाणी दोन्ही बाजूंनी बंद होतं, म्हणून हीटर लावल्याशिवाय गळती सापडणं शक्यच नव्हतं. आणि बाबा तर हीटर कधीच लावत नव्हते. वस्तादने पांढरं फडकं आत्याच्या पायाखालच्या गालिच्यावर दाबलं. फडक्यावर हिरवा डाग उमटला, चिकट आणि गोड वासाचा. त्याचीच वाफ काचेवर बसत होती.

“हे तलावाचं पाणी नाही, साहेब. गाडीचंच आहे,” वस्ताद म्हणाला.

आत्याने ते फडकं मागून घेतलं, हुंगलं, आणि बाबांच्या हातात दिलं. बाबांनीही ते हुंगलं. मग हात धुवायला निघून गेले, ते चांगली दहा मिनिटं धूत राहिले. मला हसू आवरेना. गाडी वाचली म्हणून मी हसत होते, पण त्याहून जास्त आत्या सुटली म्हणून.

दुरुस्तीला दोन दिवस लागले आणि चावी परत करणं राहूनच गेलं. सबंध डॅशबोर्ड उतरवावा लागला. त्याच्या मागे आत्याची केसांची पिन सापडली, आणि बाबांचं फार मागे हरवलेलं पेनही, ज्याचा आळ अर्थातच आत्यावर होता. जुना हीटर एका कोपऱ्यात गंजून झिरपत होता. वस्तादने नवा बसवला, त्याचे पाइप बदलले, गालिचा काढून धुऊन वाळवला, आणि नवं कूलंट भरून आतली हवा निघून जाईपर्यंत हीटर पूर्ण उघडा ठेवून इंजिन चालू ठेवलं. पुन्हा दाब दिला, तेव्हा दांडा गरमकडे असूनही काटा हलला नाही. बाबांनी स्वतः तीनदा दांडा सरकवून खात्री केली.

शनिवारी सकाळी बाबा गाडी काढून दारात उभे. आत्या म्हणाली, मी येत नाहीये.

“ताई, चुकलं माझं,” बाबा म्हणाले. “चल. बस पुढे.”

आत्या बसली. हीटरचा दांडा या वेळी बाबांनी सरकवला. पहिल्या चौकापर्यंत कोणीच बोललं नाही. काच लख्ख होती. “बोल की,” बाबा म्हणाले, आणि ते विनवणीच्या सुरात म्हणाले, हे मी मागच्या सीटवरून नीट ऐकलं. आत्या म्हणाली, “बाळ्या, मला पाण्याची भीती वाटते.” मग ती सुरू झाली आणि तलाव येईपर्यंत थांबली नाही. बाबांनी मध्ये एकदाही तिला अडवलं नाही.

तलावावर बघणाऱ्यांसाठी काचेमागे बाकडी आहेत. बाबा बाकावर बसलेच नाहीत. ते काचेला नाक लावून उभे राहिले. आत्या खोल बाजूच्या शिडीपाशी आली, खाली बघितलं, वर आमच्याकडे बघितलं, एकेक पायरी उतरली आणि तिने शिडी सोडली.

तिथून बाबांची टकळी सुरू झाली. हात लांब घे, ताई. मान वर नको. घाबरू नकोस, मी आहे ना. तसंच, तसंच, आता पाय मार. काचेपलीकडे आत्याला एक अक्षर ऐकू जात नव्हतं. बाबांना त्याची पर्वा नव्हती. ते बोलत होते, बाहीने काच पुसत होते, पुन्हा बोलत होते. आत्या मध्यावर आली तेव्हा त्यांचा आवाज कापरा झाला होता. तिने पलीकडचा काठ घट्ट धरला, तेव्हा माझेही डोळे भरून आले होते.

“बाबा, जरा श्वास घ्या,” मी म्हटलं. “तुमच्या बोलण्याने काच धुरकटते.”

“धुरकटू दे,” बाबा म्हणाले, आणि बोलतच राहिले.